नॉकिंग परत परत येतंय? डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सगळ्यात शेवटी ढिला करा

आधी लक्षणं बघू, म्हणजे हे आपल्याच गाडीबद्दल आहे का ते लगेच कळेल.

चढाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून टिकटिक-खडखड असा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. यालाच नॉकिंग म्हणतात. पाय उचलला की आवाज बंद. गरम इंजिन परत स्टार्ट करताना स्टार्टर मध्येच अडतो, उलटा झटका मारतो. असं होत असेल तर टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडायची वेळ, बहुधा पुढे गेलेलं आहे, ठिणगी हवी त्याआधी पडतेय.

याच्या उलट, गाडी ओढतच नाही. जो चढ तिसऱ्यावर निघायचा तिथे दुसरा टाकावा लागतो, टेंपरेचरचा काटा वर सरकतो, सायलेंसरमध्ये फटफट होते, पेट्रोल जास्त जातं. इथे टायमिंग मागे पडलेलं असतं, ठिणगी उशिरा पडते.

तिसरं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. गॅरेजमध्ये टायमिंग लावून आणलं, आठ-पंधरा दिवस गाडी छान चालली आणि परत तेच सुरू झालं. परत लावलं, परत बिघडलं. हे सगळं मी लिहितोय ते मुख्यतः या तिसऱ्या लक्षणासाठी.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. रविवारी आमच्या भागातल्या जुन्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यात ओम्नी सगळ्यात जास्त, मग कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००, आणि एका काकांची जिवापाड जपलेली पद्मिनी. टायमिंग बिघडलं म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा गोल भाग) आपणहून फिरलेला मला फार क्वचित सापडला. जवळजवळ प्रत्येक वेळी बिघाड दुसरीकडे होता आणि कोणीतरी तो डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकला होता. म्हणून माझा क्रम असा की डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टला पाना लावायचा तो सगळं तपासून झाल्यावर, अगदी शेवटी.

तुमच्या गाडीत टायमिंग लावता येतं का?

बॉनेट उघडा. ओम्नी असेल तर पुढची सीट उचला, इंजिन तिच्याखाली आहे. जाड प्लग वायर एका गोल टोपीतून (ती डिस्ट्रिब्युटरची) निघतात आणि गाडी कार्ब्युरेटरची आहे, तर पुढे वाचा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत स्पार्क कधी द्यायचा हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. काही जुन्या एमपीएफआय गाड्यांत डिस्ट्रिब्युटर दिसतो, पण तिथे आधी ईसीयूला ठरावीक स्थितीत आणावं लागतं आणि मगच टायमिंग बघता येतं. ते काम माहीतगार माणसाकडेच द्या. अशा गाडीत नॉकिंग होत असेल तर सेन्सर आणि वायरिंग तपासायला हवं, हाताने फिरवण्यासारखं त्यात काही नाही.

टायमिंग म्हणजे नेमकं काय बिघडतं

प्लगवर ठिणगी पडली की पेट्रोल एका क्षणात जळून जात नाही, आग पसरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून थोडा खाली निघाल्यावर यायला हवा. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच द्यावी लागते. किती आधी, हे अंशांत मोजतात.

एक छोटा हिशोब करू. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८५० फेऱ्यांनी फिरतंय तेव्हा एका मिलिसेकंदात क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) साधारण ५ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १८ अंश. आग पसरण्याचा वेळ काही त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं आणि स्प्रिंग करतात. ठिणगी अशी आधी देणं म्हणजे ॲडव्हान्स. हलक्या पायाने चालवताना लागणारा जास्तीचा ॲडव्हान्स इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणारा व्हॅक्यूमचा डबा देतो. म्हणजे टायमिंग तीन ठिकाणांहून ठरतं: डिस्ट्रिब्युटरची बॉडी कुठे बसवलीय, वजनं कशी उघडतात आणि व्हॅक्यूम किती ओढतो. बॉडी फिरवून यातलं फक्त पहिलं बदलतं. बाकीच्या दोनांत बिघाड असेल तर बॉडी कितीही फिरवा, एका वेगाला बरं वाटेल आणि दुसऱ्या वेगाला बिघडेल.

टायमिंग फार पुढे ठेवून गाडी पळवत राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधली कडा तुटते, डोक्याला भोक पडतं, हेड गॅस्केट जातं. फार मागे ठेवलं तर आग उशिरापर्यंत जळत एक्झॉस्टमध्ये जाते, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड तापतात. दोन्हीत इंजिन उघडायची वेळ येते. आवाज किरकोळ वाटला तरी सोडून देऊ नका.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिला प्रश्न: काय बदललं? मी येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारतो आणि निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं.

आपल्याकडे नाशिकला हा प्रश्न ऋतूचाही आहे. जानेवारीत निफाडच्या बाजूला पहाटे हात काकडतात, तेव्हा इंजिन नीट गरम न करता, कानाने ऐकून कोणी टायमिंग लावून देतो. थंड हवेत इंजिन बराच ॲडव्हान्स सहन करतं, आवाज येत नाही. मग चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला घरची सात माणसं आणि सामान घालून तीच गाडी नांदुरीहून गड चढायला लागते. ऊन तापलेलं, गाडी भरलेली, रस्ता चढाचा. तिथे खडखड सुरू होते. तसंच नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथल्या किंचित विरळ हवेत काठावर लावलेलं टायमिंग कसारा घाट उतरून खाली दाट हवेत गेलं की नॉकिंग करू शकतं. कानाने लावलेलं टायमिंग त्या दिवसाच्या हवेपुरतंच खरं असतं. गाडीच्या पुस्तकातल्या अंशावर लावलेलं टायमिंग वर्षभर चालतं.

दुसरं, चालवण्याची पद्धत. घाटात चौथा गिअर ठेवून, इंजिन दबलेलं असताना पाय पूर्ण दाबला तर अगदी बरोबर टायमिंगचं इंजिनही ओरडेल. एकदा त्याच चढावर वेळेवर खालचा गिअर टाकून बघा. आवाज पूर्ण गेला तर टायमिंगला हात लावू नका.

तिसरं, गॅस किट. हे फार सापडतं. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याला ॲडव्हान्स जास्त लागतो. किट बसवणाऱ्याने गॅसवर पिकअप यावा म्हणून बॉडी पुढे फिरवून ठेवलेली असते. मग गॅस संपल्यावर तीच गाडी पेट्रोलवर नॉकिंग करते. नॉकिंग फक्त पेट्रोलवर होतंय का, हे एक दिवस नीट ध्यानात घ्या. तसं असेल तर टायमिंग पेट्रोलसाठीच्या अंशावर लावायचं आणि गॅससाठी वेगळा टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर किटवाल्याकडून बसवून घ्यायचा. दोन्ही इंधनांचं मधलं काहीतरी ठेवलं तर दोन्हीवर गाडी नीट चालत नाही.

चौथं, रेडिएटरमधलं पाणी. थंड इंजिनवरच झाकण उघडा. पाणी कमी असेल, फॅन लागत नसेल, तर इंजिन तापूनच नॉकिंग होतं. आधी ते दुरुस्त करा.

चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहत असेल तर स्लो जास्त ठेवलाय का ते बघा. ते बहुतेक वेळा जास्त स्लो, तापलेलं इंजिन किंवा आतला कार्बन यामुळे होतं. त्यासाठी टायमिंग मागे घेऊ नका.

व्हॅक्यूमचा पाइप

कार्ब्युरेटरपासून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या चपट्या डब्यापर्यंत एक बारीक रबरी पाइप जातो. जुन्या गाड्यांत तो टोकाला कडक होऊन चिरलेला असतो. बोटाने वाकवला की चीर उघडते. इंजिन बंद असताना पाइप काढा, त्याच्या जागी नवा स्वच्छ तुकडा डब्याला लावा आणि तोंडाने हवा ओढून जिभेने टोक बंद करा. डबा चांगला असेल तर जीभ चिकटून राहते. लगेच सुटली तर आतला पडदा फाटलाय. गाडीवरचा जुना पाइप तोंडात घालू नका, त्यात पेट्रोलचा अंश असतो. टोपी काढून हे केलंत तर ओढल्यावर आतली प्लेट सरकलेली आणि सोडल्यावर परत आलेली दिसली पाहिजे. हवा धरून ठेवते पण प्लेट हलत नाही, असं असेल तर प्लेट गंजून अडकली आहे.

इतक्या स्वस्त पाइपमुळे मायलेज आणि पिकअप दोन्ही जातात, आणि लोक टायमिंग पुढे सरकवून ते भरून काढायला बघतात. मग पूर्ण ॲक्सिलरेटरवर, जिथे व्हॅक्यूमचा संबंधच नसतो, तिथे नॉकिंग सुरू होतं.

प्लग, वायर, टोपी, रोटर

प्लग काढून त्याच्या टोकाची फट (गॅप) मोजा, पुस्तकात आहे तेवढा ठेवा. आतलं चिनी मातीचं टोक फिकट तपकिरी असावं. पांढरंफटक किंवा त्यावर बारीक चकचकीत मणी दिसत असतील तर इंजिन आत फार तापतंय, मग कार्ब्युरेटर लीन आहे का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी देतोय का, तेही बघावं लागेल. चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा) प्लगही नॉकिंग करतो, तेव्हा दुकानात नुसता ‘मारुतीचा प्लग’ न मागता नंबर सांगून घ्या.

वायर एकेक करूनच काढायच्या. तीन सिलिंडरच्या ८०० आणि ओम्नीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम) १-३-२, पद्मिनीचा १-३-४-२. वायर उलटसुलट लागल्या की गाडी फटाके फोडते, आणि टायमिंग गेलं असं समजून माणूस दिवसभर बॉडी फिरवत बसतो.

टोपी उन्हात धरून आतून बघा. आमच्याकडे त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांना पावसाळ्यात हे हमखास होतं: आत ओल बसते, ठिणगी बाजूने पळते आणि बेकलाइटवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ पडते. ती रेघ पुसून जात नाही, ती जळलेली वाट असते. टोपी बदला. टोपीखाली फिरणाऱ्या रोटरच्या पितळी टोकावर नुसता काळा थर असेल तर पुसा, टोक खाल्लेलं असेल तर तोही बदला.

सीबी पॉइंट: परत परत येणाऱ्या बिघाडाचं मूळ बहुधा इथेच

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर असेल, आत पॉइंटच नसतील, तर हा भाग सोडा.

सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी टोकं. पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. ते उघडतात कशामुळे, तर फिरणाऱ्या कॅमवर एक छोटी फायबरची टाच घासते आणि कॅमचा उंचवटा आला की ती ढकलली जाते. ही टाच झिजली की पॉइंटमधली फट, म्हणजे गॅप, कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. कोणी बॉडीला हातही न लावता.

शाळेची मुलं नेणारी एक ओम्नी माझ्याकडे आली होती. चालवणारे दादा वैतागलेले. ‘भाऊ, तीनदा टायमिंग लावलं, दर महिन्याला तेच. आता सकाळी पोरं बसवायची भीती वाटते.’ टोपी काढली तर कॅम अगदी कोरडा, ग्रीसचा मागमूस नाही, आणि प्लेटवर तपकिरी बारीक भुकटी पडलेली. ती भुकटी म्हणजे टाचेचं फायबर होतं. गॅप ०.२५ मिलिमीटर, हवा होता ०.४ ते ०.५. मग सगळा घोळ उलगडला. टाच झिजली, टायमिंग मागे गेलं, पिकअप गेला. गॅरेजमध्ये गॅप न बघता बॉडी पुढे फिरवली, गाडी पळायला लागली. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने नवे पॉइंट टाकले. गॅप बरोबर झाला, पण बॉडी पुढेच होती, म्हणून नॉकिंग सुरू. तिसऱ्याने बॉडी मागे घेतली. नव्या पॉइंटलाही ग्रीस नव्हतं, टाच परत झिजली आणि गाडी परत मरगळली. प्रत्येकाने आपल्यापुरती दुरुस्ती केली होती आणि प्रत्येकाची दुरुस्ती पुढच्या बिघाडाची सुरुवात होती. नवे पॉइंट, कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं हाय-टेंपरेचर ग्रीस, गॅप ०.४५, आणि मग टायमिंग लाइट लावून टायमिंग. एवढ्याने तो बिघाड थांबला.

ग्रीस जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि पॉइंट जळतात, तेव्हा तेवढ्याच दाण्याएवढं.

गॅप मोजताना चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. इंजिन पान्याने सावकाश फिरवून टाच कॅमच्या अगदी टोकावर आणा. प्लग काढलेले असले तर इंजिन हाताने सहज फिरतं. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांची) पाती हलकी घासत जायला हवी. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो. तिथे सपाट पाती टेंगळावर टेकते आणि गॅप आहे त्याहून कमी दाखवते. असे पॉइंट मोजत बसू नका, बदला. बदलल्यावर लवकरच परत जळले तर कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला छोटा भाग) बदला आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल गाडीला योग्य तीच आहे का ते बघा.

लक्षात ठेवा, गॅप बदलला की टायमिंग बदलतं, पण टायमिंग बदललं म्हणून गॅप बदलत नाही. म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

डिस्ट्रिब्युटरचा खेळ आणि वजनं

टोपी काढलेलीच आहे तर रोटर बोटांत धरून आडवा हलवा. शाफ्ट बुशमध्ये (तो ज्या नळीत फिरतो तिच्यात) खुळखुळत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक फेरीला वेगळा राहील आणि टायमिंग कधीच एका जागी थांबणार नाही. मग रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडा. स्प्रिंगने टचकन मागे आला पाहिजे. सावकाश आला किंवा आलाच नाही तर आतली वजनं चिकटली आहेत, किंवा स्प्रिंग तुटली आहे. साफसफाई आणि तेलाचा थेंब देऊन चिकटलेली वजनं मोकळी होतात. खुळखुळणाऱ्या बुशला मात्र डिस्ट्रिब्युटर खोलावा किंवा बदलावा लागतो, आणि ते घरी करायचं काम नाही.

बॉडीचा पकडबोल्टही इथेच बघून घ्या. नुसता बघा, सोडू नका. वॉशर नाही, किंवा बोल्ट घट्ट असूनही बॉडी हाताने हलते, असं सापडलं तर दर पंधरा दिवसांनी टायमिंग का हलतं ते तुम्हाला कळलं.

आता टायमिंग

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. टायमिंग लाइट लागेल, म्हणजे एक नंबरच्या प्लगला ठिणगी पडताच चमकणारा दिवा. कानाने लावू नका. अनुभवी मिस्त्री कानाने जवळपास आणतात हे मी पाहिलंय, पण ओझ्याखाली सुरू होणारं बारीक नॉकिंग मोकळ्या उभ्या गाडीत ऐकूच येत नाही.

आधी जिवाची काळजी. गाडी सपाट जागी आणि उघड्यावर ठेवा, बंद शटरमध्ये इंजिन चालू ठेवू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. ओढणी, मफलर, सैल बाही, घड्याळ, अंगठी सगळं काढा. इंजिन चालू असताना प्लग वायरला हात नको, तिथे हजारो व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चालू इंजिनाजवळ वाकूच नये. ओम्नीत सीटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर काम तिथेच थांबवून आधी गळती शोधा. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून विसरू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. टायमिंग लाइटच्या झगझगाटात फिरणारी पुली आणि पट्ट्यावरचा फॅन थांबल्यासारखे दिसतात. अगदी स्थिर. डोळा सांगतो थांबलंय म्हणून हात जातो. लाइट बंद करून एकदा बघा, मग तो भास किती खरा वाटतो ते कळेल. इलेक्ट्रिक फॅन तर गरम इंजिनावर कधीही अचानक सुरू होतो.

आता खुणा शोधा. पद्मिनीत खूण पुढच्या पुलीवर, ओम्नीत बेल हाउसिंगवरचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचावरचं) रबरी बूच काढलं की आत फ्लायव्हीलवर दिसते. इंजिन बंद असताना कापडाने पुसून, हव्या त्या अंशाच्या रेघेवर पांढरा खडू किंवा व्हाइटनर लावा. हवा तो अंश, स्लोच्या फेऱ्या आणि व्हॅक्यूम पाइप काढून बंद करायचा की नाही, हे तिन्ही तुमच्याच गाडीच्या पुस्तकातून किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवरून घ्या. शेजारच्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आकडे वेगळे असतात.

बॉडी आणि इंजिन यांच्यावर सरळ एक रेघ ओढा आणि मोबाइलवर फोटो काढा. काही चुकलं तर परत इथे येता आलं पाहिजे.

इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण बंद, स्लो पुस्तकातल्याइतका. स्लो जास्त राहिला तर आतली वजनं उघडायला लागतात, लाइटमध्ये जास्त ॲडव्हान्स दिसतो आणि तुम्ही बरोबर टायमिंग विनाकारण मागे घेता. लाइटचा लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला, तिसरा क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरवर. तिन्ही वायरी फॅनपासून लांब. लाइट खुणेवर मारा आणि पांढरी रेघ कुठे थांबते ते बघा.

फिरवायची असेल तर मी इंजिन बंद करून फिरवतो. वेळ जातो, पण चालू इंजिनावर वाकून हात घालायची गरज पडत नाही. बोल्ट इतकाच ढिला करा की बॉडी जोर लावल्यावर हलेल. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने बॉडी फिरवली तर टायमिंग मागे, उलट दिशेने फिरवली तर पुढे. किती फिरवायची याचा अंदाज घ्या: डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडीचा १ अंश म्हणजे टायमिंगचे २ अंश. बॉडीचा व्यास ७० मिलिमीटर धरला तर कडेवर १ अंश म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. नखाच्या जाडीइतकं सरकवलं तरी टायमिंगमध्ये फरक पडतो. ‘थोडंसं फिरवलं’ असं म्हणून बोटभर फिरवणारा माणूस किती अंश बिघडवतो, याचा यावरून विचार करा.

सरकवा, बोल्ट घट्ट करा, स्टार्ट करा, बघा. गरज पडली तर परत. बोल्ट आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते, म्हणून शेवटचं माप घट्ट बोल्टवरच घ्यायचं.

रेघ जागेवर आली की पाय दाबून इंजिन सावकाश २५०० ते ३००० फेऱ्यांपर्यंत न्या, हे दुसऱ्या माणसाला करायला सांगा. रेघ ॲडव्हान्सच्या बाजूला गुळगुळीत सरकली पाहिजे आणि पाय सोडल्यावर पहिल्या जागी आली पाहिजे. हललीच नाही तर वजनं अडकली आहेत. जागेवर थरथरत राहिली तर बुश किंवा प्लेट ढिली आहे. मग व्हॅक्यूम पाइप परत लावा, इंजिन थंड झाल्यावर बूच बसवा, आणि नेहमीच्या चढावर एक चक्कर मारा. बरोबर अंशावर लावल्यावरही आवाज आला तर पिकअपसाठी पुढे सरकवायचा विचार नको. कारण इंधन, कार्बन किंवा तापमान यांत आहे.

पाचशे किलोमीटरनंतर फक्त पॉइंटचा गॅप परत मोजा. नवी टाच सुरुवातीला थोडी बसते. गॅप कमी झाला असेल तर तो ठीक करून टायमिंगवर एकदा लाइट मारा.

इथे थांबा आणि मिस्त्रीकडे जा

पकडबोल्टच्या खाचेत बॉडी टोकापर्यंत फिरवली तरी रेघ जागेवर येत नाही: टायमिंग बेल्टचा दात सुटलेला असू शकतो, किंवा डिस्ट्रिब्युटर चुकीचा बसवलाय. ओम्नीत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो, म्हणून बेल्ट सरकला की व्हॉल्व्हचं टायमिंगही जातं. हे ठिणगी फिरवून भरून काढायचा प्रयत्न करू नका आणि गाडी चालवूही नका.

रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी आपोआप कमी होणं, सायलेंसरमधून सतत पांढरा धूर, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर: हेड गॅस्केट. नॉकिंग आता पायाबरोबर कमी-जास्त न होता सतत, जड आणि खालून येतंय: तो आवाज बेअरिंगचा असू शकतो, इंजिन तिथेच बंद करा आणि टो करून न्या. कॉम्प्रेशन कमी आहे असं वाटतंय, कार्ब्युरेटर खोलावा लागेल, बुश बदलावा लागेल, गॅस किटला हात लावावा लागेल: तेही त्यांच्याकडेच.

आणि गाडी शाळेची मुलं नेत असेल किंवा भाड्याने चालत असेल, तर नॉकिंग किंवा तापण्याचं कारण सापडेपर्यंत ती उभी ठेवा.

मिस्त्रीकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: पॉइंटचा गॅप किती मिळाला, स्लो किती होता, लाइटमध्ये रेघ किती अंशावर होती, आवाज कोणत्या गिअरला, कोणत्या चढावर, पेट्रोलवर की गॅसवर. ‘टायमिंग लावून द्या’ एवढंच सांगितलंत तर तो बॉडी फिरवून देईल. हा कागद दिलात तर तो टोपी उघडून बघेल.